गाडीत निजलेली वाटाडी

आमच्या सोसायटीत माझ्या कामाबद्दल दोन मतं आहेत. निम्म्या लोकांना वाटतं, मी कसले तरी क्लास घेते. उरलेल्यांना वाटतं, मी कवड्या टाकून भविष्य सांगते. खालच्या मजल्यावरच्या एक बाई एकदा मुलाची पत्रिका घेऊन आल्या आणि मी नाही नाही म्हणत असताना चहा पिऊन, पत्रिका टेबलावर ठेवून गेल्या. पुढे मुलाचं लग्न जमलं. तेव्हापासून त्या जिन्यात थांबून मला नमस्कार करतात. मीही करते. प्रत्येकाला समजावत बसायचा उत्साह आता राहिला नाही.

या अंकाच्या संपादकांनी मात्र समजावूनच सांगा असा हट्ट धरलाय, तेव्हा सांगते. मी गोष्टीचा खेळ चालवते. चारपाच माणसं एका टेबलाभोवती बसतात. प्रत्येकजण गोष्टीतलं एक माणूस होतो. मी त्यांना सांगते की तुम्ही कुठे आहात आणि समोर काय आहे. मग विचारते, आता काय करताय? ते जे सांगतात त्याने गोष्ट पुढे जाते. पट नाही, सोंगट्या नाहीत, जिंकणं-हरणं नाही. नव्या मुलांना हा प्रकार परदेशी पुस्तकांमुळे ठाऊक असतो. त्या पुस्तकांत म्हणे नियमांचीच शेकडो पानं असतात. माझे नियम पोस्टकार्डावर मावतात. काय करताय ते बोला. सोपं असेल तर झालं. अवघड असेल तर पाच कवड्या टाका. तीन किंवा जास्त उताण्या पडल्या तर झालं. कमी पडल्या तरी होईल, पण त्याबद्दल काहीतरी द्यावं लागेल. आणि शेवटचं, टेबलावर एकदा बोललं गेलं की ते खरं. कुणी मागे घ्यायचं नाही, मीसुद्धा नाही.

खेळाचं नाव ‘तांडा’. काळ सातवाहनांचा. पैठणहून कापसाचे गठ्ठे, मणी, हस्तिदंत घेऊन एक तांडा निघतो, नाशिकवरून घाट उतरत-चढत बंदराकडे जातो. इतिहास निम्मा. उरलेल्या निम्म्यात डोंगरातले यक्ष, पाणवठ्यावरच्या आसरा, रस्ता विचारला की कोडं घालणारे नाग. हे डोक्यात आलं ते पांडवलेण्यांच्या पायऱ्यांवर. माझं निम्मं आयुष्य तिथे गाईड म्हणून गेलं. धापा टाकत वर आलेल्या माणसाला शिलालेखातलं दान कुणी दिलं यात काडीचा रस नसतो. एकदा वैतागून मी एका कुटुंबाला म्हटलं, “समजा तुम्हीच व्यापारी आहात. खाली बैल दमलेत, अंधार पडतोय, आणि भिक्षू म्हणतायत आत जागा नाही. काय कराल?” ते कुटुंब तिथेच भांडायला लागलं. आजोबा म्हणाले दान देऊ, सून म्हणाली बाहेरच चूल मांडू. तासभर कुणी हललं नाही. पुढे गुडघ्यांनी पायऱ्यांना राम राम म्हटलं, तेव्हा माझ्या भाचीने गंगापूर रोडच्या तिच्या कॅफेचा वरचा मजला मला दिला. दर शनिवारी दुपारी तिथे माझा तांडा उतरतो.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची येतात. एकदा मुलगा-मुलगी बघण्याचा कार्यक्रमच दोन्ही घरांनी माझ्या टेबलावर ठेवला, निवांत ओळख होईल म्हणून. तांड्यावर चोर आले. मुलगा कुणाला काही न बोलता झाडावर चढला आणि वरून म्हणाला, मी लक्ष ठेवतो. मुलगी पोट धरधरून हसली आणि घरी जाऊन नको म्हणाली. मुलाच्या आईचा मला फोन, तुमच्या खेळापायी स्थळ हातचं गेलं. मी म्हटलं, खेळापायी नाही हो, झाडापायी.

लोकांना वाटतं या कामाला जीभ लागते. मलाही आधी तसंच वाटायचं, गाईडच होते मी. पण काम खरं कानाचं आहे. कोण गप्प बसलाय, कुणाचं वाक्य अर्ध्यावर राहिलं, कोण विनोद करतोय पण त्याला काहीतरी वेगळंच म्हणायचंय, हे ऐकू आलं की गोष्ट आपोआप चालते. हे मला जिच्यामुळे कळलं तिची हकीकत सांगण्यासाठीच हा सगळा पसारा मांडलाय.

मंदाताई पहिल्यांदा वर आली ती झेंडूच्या माळा घेऊन. मखमलाबादला तिचा आणि तिच्या नवऱ्याचा, भाऊसाहेबांचा, फुलांचा नि पालेभाजीचा मळा. दसऱ्याला कॅफे सजवायचा म्हणून भाचीने तिला बोलावलं होतं. ती स्टुलावर चढून तोरण बांधत होती आणि खाली आमचा तांडा एका पाणवठ्यावर अडला होता. तिथली आसरा कुणाला पाणी भरू देत नव्हती. टेबलावर तेव्हा तिघं होती. मनमाडचे निवृत्त रेल्वे गार्ड, त्यांना आम्ही गार्डकाकाच म्हणतो, ते तांड्याचे नायक. सातपूरच्या कारखान्यात मशीनवर काम करणारा अनिकेत, तो पैलवान. आणि दातांची डॉक्टर होऊ घातलेली ऋचा, ती तांड्याची वैद्य. अनिकेत म्हणत होता आसरेला मारू. ऋचा म्हणत होती फसवू. गार्डकाका घड्याळ बघून म्हणत होते, काहीही करा पण लेट होतोय.

स्टुलावरून आवाज आला, “अरे, पन तिला कुनी इचारलं का, जेवली का बाई तू?”

आवाज कसला, हाळीच ती. आयुष्यभर गंगेवरच्या, म्हणजे आमच्या गोदाकाठच्या, बाजारात शेपू-मेथीच्या जुड्या विकलेला आवाज. खालच्या मजल्यावरच्या गिऱ्हाइकांनी वर पाहिलं.

मी म्हटलं, “विचारा तुम्ही.”

“मी?” ती तोरण तोंडात धरून उतरली, ते हातात घेतलं आणि रिकाम्या खुर्चीला उद्देशून म्हणाली, “बाई गं, कव्हाची बसलीस इथं पान्यात? ये, भाकर खा आमच्यासंग.” मी कवड्या पुढे केल्या. तिने टाकल्या. पाचही उताण्या पडल्या. त्या दिवशी आसरा आमच्याबरोबर जेवली, आणि मंदाताई पुढच्या शनिवारी फुलांशिवाय आली.

ती तांड्याची वाटाडी झाली. रस्ता शोधायचा, पुढे चालायचं आणि मागच्यांना ओरडून सांगायचं. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी उंचावर पोचलं की मी वाटाड्याला विचारते, पलीकडे काय दिसतं? वाटाडी जे सांगेल ते तिथे असतं. मंदाताईने सांगितलेल्या मुलखात दर वेळी कुठेतरी चूल पेटलेली असायची आणि कुणाची तरी लेक माहेरी आलेली असायची. भाऊसाहेब तिला पिकअपमधून सोडायचे आणि खेळ संपेपर्यंत खाली गाडीतच बसून राहायचे. वर या म्हटलं की म्हणायचे, “मी काय बोलनार? ती बोलती तेवढं पुरं हाये.”

एकदा मी तिला विचारलं, शनिवारचा बाजार सोडून का येतेस गं? ती म्हणाली, “बाजारात वरडते तवा जुडी खपती. घरात वरडते तवा कुनी ऐकत नाय. हितं मी बोलती आन् ते व्हतं.”

नंतर तिचा आवाज बसला. घसा धरलाय म्हणाली. हळद-दूध झालं, काढे झाले. आवाज खरखरीत होत गेला, तरी ती त्याच आवाजात आम्हाला दरीतून हाका मारत राहिली. मग एका शनिवारी ती यायच्या आधीच भाऊसाहेब वर आले. पहिल्यांदाच. चपला दाराबाहेर काढून, टोपी हातात घेऊन उंबऱ्याशी उभे राहिले.

“ताई, डाक्टरनी आपरेशनची तारीख दिलीय. घशात गाठ हाये. वाईटातली. तारीख जवळ आली तरी ही म्हनती, आत्ता नाय, घाट आलाय, माझ्याबिगर तांडा चुकंल.” त्यांनी टोपी दुसऱ्या हातात घेतली. “ताई, कोन्ता घाट वो?”

ती आल्यावर मी तिला जिन्यातच गाठलं. आमच्या खेळात एक रीत आहे. एखादा गडी काही कारणाने आला नाही, तर त्याचं पात्र त्या दिवशी गाडीत निजलेलं असतं. तांड्यातल्या शेवटच्या बैलगाडीत, गोणपाटाच्या पडद्याआड. निजलेल्याला चोर हात लावत नाहीत, यक्ष लावत नाही, मीही लावू शकत नाही. परीक्षा असोत, बाळंतपण असो, सगळ्यांनी त्या गाडीत झोप काढली आहे. ते मी तिला पुन्हा सांगितलं. तू नीज, आम्ही गाडी सांभाळतो.

“आन् निजले ती निजलेच तर?”

“तांडा गाडी सोडत नाही.”

ती जिन्याच्या कठड्याला टेकली. “मरायचं भ्या नाय वाटत, ताई. ते आवाजाचं समदं मशीनच काढून टाकनार हायेत. कुजबूजसुद्धा व्हनार नाय म्हनं.” थोडं थांबून म्हणाली, “मुक्या वाटाडीमागं कुनी चालंल का?”

मी तिचा हात धरून उभी राहिले. त्या दिवशी खेळाच्या शेवटी ती गोणपाटाचा पडदा बाजूला करून गाडीत शिरली. “उठवा रे मला,” एवढंच म्हणाली. तिचं टेबलावरचं शेवटचं वाक्य ते.

पुढच्या शनिवारी तांडा घाटाच्या पायथ्याशी आला आणि माझ्या लक्षात आलं, आपण स्वतःलाच अडकवून ठेवलंय. इतिहासाचा अभिमान नडला. कधीतरी मोठ्या ऐटीत मी सांगून बसले होते की हा घाट म्हणजे दगडी पायऱ्या, इथून गाडी चढत नाही, माल पाठीवर लादून न्यायचा आणि गाड्या खालीच सोडून द्यायच्या. बोललं गेलेलं मागे घेता येत नाही. आणि शेवटच्या गाडीत मंदाताई निजलेली.

मला वाटलं, गार्डकाका आता वेळापत्रक काढणार. बंदरात गलबत थांबलंय, पावसाच्या आत पोचायचंय, हे तेच दर खेपेला आम्हाला ऐकवायचे. ते खुर्चीत ताठ बसले आणि म्हणाले, “गार्ड गाडी सोडून जात नसतो. नोकरीत नाही गेलो, आता काय जाणार? मुक्काम करा.”

म्हणून आम्ही मुक्काम केला. तो मुक्काम काही संपेना. इतकी वर्षं हे काम करते आहे, पण तांडा जागचा हलत नाही आणि तरी लोक दर शनिवारी येतात, असं मी कधी पाहिलं नव्हतं. ऋचाने झरा शोधून त्याला दगड लावले. अनिकेतने ज्या चोरांना बदडायचं त्यांनाच भिंत बांधायला लावलं, वर त्यांना पहाटे जोर मारायची सवय लावली. गार्डकाकांनी राखणीच्या पाळ्या नेमल्या आणि एका झाडाला घंटा टांगली. ती जेवणखाणाच्या वेळेला वाजायची, एक क्षण इकडेतिकडे नाही. बघता बघता पायथ्याला गाव वसलं, गाडी मध्ये ठेवून.

खेळ सुरू होताना तिघंही आधी गाडीपाशी जायची. “वाटाडी कशी आहे?”

मी सांगायचे, “निजली आहे. श्वास चालू आहे.”

ऑपरेशन झालं त्या आठवड्यात अनिकेतने मी न सांगताच कवड्या उचलल्या. मी त्याच्या मुठीवर हात ठेवला. म्हटलं, “याला कवड्या नाहीत, अनिकेत.” त्याने मूठ उघडली, कवड्या हळूच टेबलावर ठेवल्या. मग सगळे बराच वेळ गाडीशेजारी बसून राहिले. त्या शनिवारी दुसरं काहीच घडलं नाही.

ती वाचली. गाठ पूर्ण निघाली. भाऊसाहेबांनी हे खालून, पिकअपच्या दारातूनच सांगितलं आणि पटकन तोंड फिरवलं. आम्हाला वाटलं, आता येईल. ती आली नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. भाऊसाहेब फुलं पोचवायला यायचे. ती बाजारात जात नाही म्हणाले. कुणी घरी आलं की पाठ फिरवून बसते.

शेवटी मीच मखमलाबादला गेले. ती शेडमध्ये खाली बसून झेंडू ओवत होती. गळ्याला पातळ रुमाल बांधला होता, त्याच्या आडच्या छिद्रातून श्वास येत-जात होता. तिने मान वर केली नाही. मी पोत्यावर बसले आणि कशी आहेस वगैरे न विचारता सरळ गावाची बातमी द्यायला लागले. झऱ्याची, घंटेची. तिची सुई चालूच. चोर पहाटे उठून जोर मारतात हे सांगितलं तेव्हा तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. वाकून पाहिलं तर हसत होती. एवढ्या मोठ्या आवाजाच्या बाईचं हसू, आणि सुई ओढल्याचासुद्धा आवाज त्यापेक्षा मोठा. मला ते सहन झालं नाही. तिच्यासमोर मी रडले, खोटं कशाला सांगू.

जाताना म्हटलं, “शनिवारी ये.” तिने बोट गळ्यावर ठेवलं, मग ओठांवर, आणि हात झटकला. संपलं, असं.

“गाडी तिथेच आहे,” एवढंच मी म्हणू शकले.

ती आली ती काही न कळवता, माघ संपता संपता. जिन्यात दोघांची पावलं वाजली. मंदाताई आत आली, तिच्या जागेवर बसली, रुमाल नीट केला. भाऊसाहेब दाराबाहेरच्या स्टुलावर टेकले. आमच्यापैकी एकालाही काय करावं ते सुचेना. ऋचाने पाण्याचा ग्लास पुढे केला, परत मागे घेतला. अनिकेत टेबलाकडे बघत बसला. आमचा अख्खा खेळ बोलण्याचा, आणि जिच्यासाठी थांबलो ती बोलू शकत नव्हती. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. उठून जावं की काय, हा विचार तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसला. मी चटकन म्हटलं, “पडदा हलतो. वाटाडी जागी झाली आहे.”

“श्श!”

गार्डकाका. ओठांवर बोट. मग अगदी खालच्या आवाजात, डोळे बारीक करून म्हणाले, “हळू. या घाटात बोलायचं नसतं. इथला यक्ष आवाजाला धरतो. जो बोलतो तो वर पोचत नाही, असं मी ऐकलंय.”

त्यांनी काहीही ऐकलेलं नव्हतं. माझ्या घाटात तसला यक्षच नव्हता. मी तिथे दरड ठेवली होती, अस्वल ठेवलं होतं. पण या कामात चांगलं काही कानावर पडलं की एकच गोष्ट करायची असते. मी म्हटलं, “हो. असंच म्हणतात.” आणि मीही गप्प झाले.

तो खेळ मी मरेपर्यंत विसरणार नाही. टेबलावर एक शब्द नाही. अनिकेतने हातांनी दाखवलं, गाडीच सुटी करू. चाकं, आस, जू, साट्या, सगळं खांद्यावर घेऊ. ऋचाने चाक उचलायचा अभिनय केला आणि खुर्चीसकट कलली. मंदाताई पुढे. तिचे हात असे चालत होते की आमचे त्यापुढे लुळे वाटावेत. पंजा आडवा, थांबा. दोन बोटं खाली, पायरी निसरडी. तळवा छातीशी, दम घ्या. इतके महिने ती याच भाषेत जगली होती, आम्ही मात्र पहिल्या दिवसाचे विद्यार्थी. आम्ही चुकलो की ती कपाळावर हात मारायची. आवाज फक्त कवड्यांचा. खाली माझ्या भाचीला इतकी शांतता सोसवेना, ती धावत वर आली, काय झालं म्हणून. चौघांनी एकदम तिला श्श केलं. ती उलट्या पावली गेली.

मधल्या वळणावर कवड्या फसल्या. एकच उताणी. म्हणजे वाट मिळेल, पण काहीतरी द्यावं लागेल. यक्ष वाटेत उभा आहे, हे मी हात पसरून दाखवलं आणि तळहात पुढे केला. द्या. अनिकेत खांद्यावरचं चाक काढायला लागला. ऋचाने औषधाच्या पिशवीकडे बोट केलं. मंदाताईने दोघांनाही अडवलं. ती माझ्याकडे वळली, माझ्या पसरलेल्या हाताकडे पाहिलं आणि शांतपणे स्वतःच्या रुमालावर बोट टेकवलं.

दिलंय. आधीच दिलंय.

मी हात मागे घेतला. यक्ष बाजूला झाला. गार्डकाकांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

घाटमाथा आला. मी म्हटलं, “पोचलो. आता बोलायला हरकत नाही.” मग मी नेहमीचा प्रश्न विचारला. विचारू की नको असं वाटत होतं, पण तो तिचा मान होता. “वाटाडी, पलीकडे काय दिसतं?”

तिने हात उचलले. बोटं जुळवली, उघडली, दूरवर पसरली.

“समुद्र?” अनिकेत म्हणाला. तिने मानेनेच नाही म्हटलं. “दिवे?” ऋचा म्हणाली. तिने पुन्हा केलं, जास्त जोरात. गार्डकाकांनी धूर सुचवला. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू शेडमध्ये पाहिलेलं ते ‘संपलं’ पुन्हा उतरायला लागलं.

“झेंडू,” दारातून आवाज आला.

आम्ही वळलो. भाऊसाहेब स्टुलावरून अर्धे उठले होते. “झेंडू म्हनती ती. समदा मुलूख पिवळा झालाय. आन् त्या तिकडं...” त्यांनी तिच्या हातांकडे पाहिलं, “चूल पेटलीय. कुनाची तरी लेक आलीय माहेराला.”

मंदाताईने मान डोलावली. त्या काळात आपल्याकडे झेंडू नव्हता, तो फार नंतर बाहेरून आला, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण बोललं गेलं की ते खरं. नव्हता, आता आहे.

तेवढ्यात तिने कपाळाशी दोन बोटं उभी केली, शिंगांसारखी, आणि खाली पायथ्याकडे दाखवलं. मग आम्हा तिघाचौघांकडे अशा काही नजरेने पाहिलं की मला तिचा बाजारातला आवाज ऐकूच आला.

भाऊसाहेब हसायला लागले. “बैल,” ते म्हणाले. “बैल खालीच ऱ्हायले म्हनती.”

गाडी सुटी करून, चाकाचा आरान् आरा खांद्यावरून वर आणला होता. गावाला झरा दिला, भिंत दिली, घंटा दिली. बैल मात्र एकाच्याही ध्यानात आले नव्हते. इतक्या महिन्यांत नाहीच, पण त्याआधीही कधी नाही. गाडी आहे म्हणजे ती कोणीतरी ओढतं आणि कोणीतरी हाकतं, हे मी, तांड्यांचा इतिहास सांगून पोट भरणाऱ्या बाईने, एकदाही बोलून दाखवलं नव्हतं.

“आता कोण उतरणार खाली?” गार्डकाकांनी विचारलं.

“मी आनतो की,” भाऊसाहेब म्हणाले.

“असं नाही जाता येत, भाऊसाहेब,” मी म्हटलं. “आधी तुम्ही कोण ते सांगावं लागतं.”

त्यांनी बायकोकडे पाहिलं. मग टोपी डोक्यावर नीट बसवली.

“गाडीवान,” ते म्हणाले. “पयल्यापासून हाये ना मी. नायतर इतके दिस बैलांना वैरन कोन टाकत व्हतं?”

ऋचाने कवड्या त्यांच्यापुढे सरकवल्या. मी त्या परत माझ्याकडे ओढल्या. म्हटलं, “याला कवड्या लागत नाहीत. तुम्ही उतरताय, भाऊसाहेब. बैल तुम्हाला ओळखतात.”

मंदाताईने पायाने शेजारची रिकामी खुर्ची बाहेर ओढली.